‘पहिला’ म्हणण्याआधी

रिओ ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०१६ मध्ये, अँडी मरेने टेनिसच्या पुरुष एकेरीचं सुवर्णपदक राखलं. लंडननंतरचं हे त्याचं सलग दुसरं सुवर्ण. डेल पोत्रोविरुद्धचा अंतिम सामना चार तास चालला होता. तो संपल्यावर बीबीसीच्या जॉन इन्व्हर्डेल यांनी त्याची मुलाखत घेतली आणि ऑलिंपिक टेनिसमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणारी तू पहिलीच व्यक्ती आहेस, असं भरभरून कौतुक केलं. थकलेल्या मरेने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. एकेरीचं पदक राखणारा मी पहिला असेन, पण व्हीनस आणि सेरेना यांनी प्रत्येकी चारेक सुवर्णपदकं जिंकली आहेत, असं तो म्हणाला.

इन्व्हर्डेल नवखे नव्हते. त्यांच्या मनात कुणाला कमी लेखण्याचा हेतू असेल, असंही मानायचं कारण नाही. तरीही त्या एका वाक्यात टेनिसमधल्या दोन सर्वात मोठ्या खेळाडू नाहीशा झाल्या, आणि त्या परत आल्या त्या समोर बसलेल्या खेळाडूला इतिहास ठाऊक होता म्हणून. प्रेक्षकांच्या वाट्याला प्रत्येक वेळी असा मरे येत नाही. बहुतेक वेळा चुकीचं वाक्य तसंच घराघरात पोचतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर, चहाच्या टपरीवर, परीक्षेच्या सामान्यज्ञानात ते खरं होऊन बसतं.

असंच एक उदाहरण मुंबईचं आहे. एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक कुणाचं, असं विचारलं की दहापैकी नऊ जण सचिन तेंडुलकर हे नाव घेतात आणि ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१० हा तपशीलही बिनचूक सांगतात. पण पहिलं द्विशतक त्याआधी बारा वर्षं झालं होतं, तेही वांद्र्यात. १६ डिसेंबर १९९७ रोजी महिलांच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिने एमआयजी क्लबच्या मैदानावर डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या. सचिन ज्या साहित्य सहवासात वाढला, ती वसाहतही वांद्रे पूर्वेतलीच. ग्वाल्हेरच्या त्या क्षणी रवी शास्त्री यांनी, या पृथ्वीवर दोनशेपर्यंत पोचलेला हा पहिला पुरुष, अशा अर्थाचं वाक्य उच्चारलं होतं आणि ते तंतोतंत खरं होतं. पुढच्या असंख्य पुनरुच्चारांत ‘पुरुष’ गळून गेला आणि नुसता ‘पहिला’ उरला. क्रिकेटचा पहिला विश्वचषक १९७५ चा, हे वाक्यही याच जातीचं. महिलांचा विश्वचषक त्याआधी दोन वर्षं, १९७३ मध्ये, इंग्लंडमध्ये खेळला गेला होता.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. जीभ घसरणं वेगळं आणि इतिहास चुकणं वेगळं. थेट प्रक्षेपणात बोलणारा माणूस चेंडू पाहतो, कानातल्या यंत्रातून निर्मात्याच्या सूचना ऐकतो, शेजारच्या सहकाऱ्याचं बोलणं सांभाळतो आणि तेवढ्यात वाक्यही जुळवतो. त्यात एखाद्या फलंदाजाऐवजी त्याच्या भावाचं नाव येणं, डावखुऱ्याला उजवा म्हणणं, षटकांची संख्या चुकणं हे होणारच. ही माणसाची मर्यादा आहे आणि तिच्यावर दात धरण्यात अर्थ नाही. फॉर्म्युला वनचे इंग्रज समालोचक मरे वॉकर यांच्या अशा चुका जगप्रसिद्ध होत्या. पण चूक लक्षात आली की पुढच्याच श्वासात ते ती कबूल करायचे. म्हणून लोकांनी त्यांना जीव लावला. १९९६ मध्ये सुझुकाच्या शर्यतीत डेमन हिल जगज्जेता ठरला, तेव्हा घशात आवंढा आल्याने आपल्याला थांबावं लागतंय, असं त्यांनी सांगितलं आणि ते थांबले. त्या थांबण्यातही प्रामाणिकपणा होता.

विशेष म्हणजे घसरलेल्या जिभांचा इतिहाससुद्धा चुकीचाच सांगितला जातो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या अल्बेर्तो ह्वांतोरेनाच्या धावण्याचं वर्णन करताना बीबीसीवर एक द्व्यर्थी वाक्य निघून गेलं. ते वाक्य गेली कित्येक दशकं डेव्हिड कोलमन यांच्या नावावर खपतं, कारण अशा चुकांसाठी कोलमन प्रसिद्ध होते आणि ‘प्रायव्हेट आय’ या नियतकालिकाने समालोचकांच्या चुकांच्या सदराला त्यांचंच नाव दिलं होतं. प्रत्यक्षात ते वाक्य रॉन पिकरिंग यांचं. ज्याचं नाव आधीच परिचित, त्याच्या खात्यात सगळं जमा होतं आणि बाकीचे बाजूला पडतात. नेमकं हेच खेळाच्या इतिहासात वारंवार घडतं, आणि तिथे ते क्षम्य नाही. कारण असा इतिहास ऐनवेळी सुचत नाही. तो आधी तयार केलेला असतो, कागदावर असतो, पडद्यावर झळकतो. तो तपासायला वेळ असतो, पण कुणी तपासत नाही.

याची सर्वात मोठी किंमत महाराष्ट्रात एका माणसाने मोजली. कुस्तीगीर खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर ते पोलीस खात्यात गेले आणि १९८४ मध्ये अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर.

त्यानंतरचं वैयक्तिक पदक यायला ४४ वर्षं लागली. १९९६ मध्ये अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवलं. पेसची कामगिरी थोर होतीच, ती मोठी करण्यासाठी तिला ‘पहिली’ ठरवायची गरज नव्हती. तरी कितीतरी बोलण्या-लिहिण्यात ती पहिली ठरली. २००८ मध्ये बीजिंगला सुशीलकुमारने कांस्य जिंकलं, तेव्हा कुस्तीतलं ते ५६ वर्षांनंतरचं दुसरं पदक होतं. ही छप्पन्न वर्षांची दरी हीच खरी बातमी होती. एवढ्या मोठ्या देशाला कुस्तीत पुढचं पदक मिळवायला अर्धं शतक का लागलं, हा प्रश्न त्या दरीतूनच उभा राहतो. ‘पहिलं’ म्हटलं की दरीही जाते आणि प्रश्नही जातो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवलं, तेव्हा मात्र महाराष्ट्रात ७२ वर्षांचा हिशेब ठिकठिकाणी नीट सांगितला गेला. त्या दिवशी गोळेश्वर आणि कांबळवाडी ही दोन गावं एका वाक्यात आली. इतिहास नीट सांगितला तर काय साधतं, याचं याहून चांगलं उदाहरण शोधायची गरज नाही.

खाशाबांच्या बाबतीत ‘स्वतंत्र भारताचं’ हे दोन शब्द का हवेत, याचं उत्तर १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आहे. कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी तिथे २०० मीटर धावणं आणि २०० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत दोन रौप्यपदकं जिंकली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या नावावर मोजते, तर ॲथलेटिक्सची जागतिक संघटना ब्रिटनच्या. म्हणजे नोंद करणाऱ्यांतच एकमत नाही. अशा ठिकाणी समालोचकाने दोन्ही बाजू एका वाक्यात सांगाव्यात, त्याला पाच सेकंद लागतात. मनू भाकरने २०२४ मध्ये एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं जिंकली, तेव्हाही ‘स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा’ हे शब्द कुणी उच्चारले, कुणी गाळले. नीरज चोप्राचं टोक्योतलं भालाफेकीचं सुवर्ण हे भारताचं ॲथलेटिक्समधलं पहिलं सुवर्ण आहे, कुठूनही मोजलं तरी. ‘पहिलं पदक’ म्हटलं की वाद सुरू होतो.

१९८३ च्या विश्वचषकाबद्दल तर प्रत्येकाला सगळं पाठ आहे, आणि तिथेच जास्त गल्लत होते. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिंबाब्वेविरुद्ध कपिलदेवच्या नाबाद १७५ धावा. भारत ५ बाद १७ असताना कपिल मैदानात उतरला, असं किती वेळा ऐकलं असेल! धावफलक वेगळं सांगतो. गावसकर, श्रीकांत, मोहिंदर अमरनाथ आणि संदीप पाटील ९ धावांत बाद झाले आणि ४ बाद ९ वर कपिल आला. यशपाल शर्मा बाद झाला तेव्हा ५ बाद १७ झाले, आणि कपिल तेव्हा खेळपट्टीवरच होता. फरक आठच धावांचा आणि एका गड्याचा आहे. पण या डावाचं चित्रीकरणच झालेलं नाही. जिथे डोळ्यांनी पाहण्याची सोय नाही, तिथे सांगणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते. शिवाय बारकाईने सांगितलं तर कथा अधिक रंगते. सातवा गडी ७८ वर पडला, आठवा १४० वर, आणि मग कपिल व किरमाणी यांनी नवव्या गड्यासाठी १२६ धावांची अभेद्य भागी केली. भारत ६० षटकांत ८ बाद २६६ वर पोचला आणि सामना ३१ धावांनी जिंकला. किरमाणींचं नाव त्या चुकीच्या, घाईच्या आवृत्तीत येतच नाही.

सगळ्यात जास्त ठेचा लागतात त्या १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपाशी. हिटलर आणि खेळ एकत्र आले की मोहाला आवर घालणं अवघड होत असावं. जेसी ओवेन्सशी हिटलरने हस्तांदोलन नाकारलं, ही गोष्ट दर चार वर्षांनी सांगितली जाते. घडलं ते असं. पहिल्या दिवशी हिटलरने जर्मनी आणि फिनलंडच्या विजेत्यांचं अभिनंदन केलं आणि उंच उडीत अमेरिकेच्या कॉर्नेलियस जॉन्सनला सुवर्ण मिळण्याआधी तो मैदानातून निघून गेला. जॉन्सन कृष्णवर्णीय होता. ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांनी मग, अभिनंदन करायचं तर सगळ्यांचं करा नाहीतर कुणाचंच नको, असं सुनावलं. त्यानंतर हिटलरने जाहीर अभिनंदनच थांबवलं. ओवेन्स जिंकायला लागला तो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. ओवेन्सने स्वतः नंतर सांगितलं की आपला उपमर्द केला तो आपल्याच देशाच्या अध्यक्षांनी, रूझवेल्ट यांनी, कारण त्यांनी साधी अभिनंदनाची तारही पाठवली नाही. रूढ गोष्टीत खलनायक एकच उरतो आणि जॉन्सन तर पुसलाच जातो.

त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्ट १९३६ रोजी भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. हिटलरने ध्यानचंदना जर्मन सैन्यात मोठं पद देऊ केलं आणि त्यांनी ते बाणेदारपणे नाकारलं, ही गोष्ट प्रत्येक क्रीडा दिनाला, प्रत्येक हॉकी सामन्यात ऐकू येते. ध्यानचंदांचं ‘गोल’ हे आत्मचरित्र १९५२ मध्ये आलं. बर्लिनबद्दल त्यात भरपूर आहे, पण या देकाराचा उल्लेख नाही. इतकी मोठी गोष्ट घडली असती आणि ती त्यांनी गाळली असती, हे पटत नाही.

जे घडलं ते मात्र समालोचकांच्या तोंडी क्वचित येतं. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात भारत जर्मनीकडून ४-१ असा हरला होता. त्या पराभवाने संघ हादरला आणि भारतातून दारा या खेळाडूला तातडीने बोलावून घेण्यात आलं. अंतिम सामन्याआधी खेळाडूंच्या खोलीत साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला, सगळ्यांनी त्याला वंदन केलं आणि मग ब्रिटिश हिंदुस्थानच्या नावाने खेळणारा तो संघ मैदानात उतरला. ध्यानचंदांनीच हे नोंदवलं आहे. अकरा वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. इतकी खरी, इतकी अंगावर येणारी गोष्ट हाताशी असताना बिनपुराव्याची दंतकथा का सांगावी?

बर्लिनचा एक धागा विदर्भातही येतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेव्हा बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्यावरून कबड्डी हा १९३६ च्या ऑलिंपिकचा प्रदर्शनीय खेळ होता, असं कबड्डीच्या प्रक्षेपणांत सर्रास सांगितलं जातं. त्या ऑलिंपिकचे अधिकृत प्रदर्शनीय खेळ दोनच होते, बेसबॉल आणि ग्लायडिंग. अमरावतीच्या पोरांनी परक्या देशात जाऊन आपले खेळ दाखवले, हे त्या काळात लहान नव्हतं. त्याला ऑलिंपिकचा खोटा शिक्का कशाला हवा?

फुटबॉलमधली अशीच कथा १९५० च्या विश्वचषकाची. अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून भारताने ब्राझीलला जायचं नाकारलं, असं दर विश्वचषकाला सांगतात. भारत पात्र ठरला होता, कारण गटातल्या इतर संघांनी माघार घेतली होती, हे खरं. पण त्यानंतर दोन वर्षांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही आपले बरेच खेळाडू अनवाणीच खेळले आणि युगोस्लाव्हियाकडून १०-१ असे हरले. तेव्हा तर कुणी अडवलं नव्हतं. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीही पुढे ही अनवाणी पायांची सबब खरी नसल्याचं सांगितलं. महासंघाला त्या वेळी ऑलिंपिक मोठं आणि विश्वचषक दुय्यम वाटत होता. भारतीय फुटबॉल इतकं मागे का राहिलं, याचं एक उत्तर त्या निर्णयात आहे, आणि अनवाणी पायांची भावुक कथा ते उत्तर झाकून टाकते.

मराठी समालोचनाला ही काळजी आता अधिक घ्यावी लागेल. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांनी मराठी धावत्या वर्णनाचा पाया घातला आणि रेडिओभोवती जमलेल्या गावांना क्रिकेट कळू लागलं. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने बारा भाषांत समालोचन दिलं, त्यात मराठी होती. आपल्या भाषेत सामना ऐकण्याचा आनंद मोठा आहे. आपल्या भाषेत बोललं की आपला इतिहासही बोलण्यात येणार, ते स्वाभाविकच. पण शंभर धावांनी हरलेल्या संघाचं ‘पानिपत’ करताना जरा थांबावं. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाआधी मराठी फौजेची रसद तुटली होती, माणसं उपाशी होती, आणि त्या लढाईने महाराष्ट्रातल्या घराघरातला माणूस नेला. साखळी सामन्यातला पराभव त्या जागी बसत नाही. कोंढाण्याचंही तसंच. तानाजींच्या बलिदानानंतर गडाचं नाव सिंहगड पडलं असं छातीठोक सांगितलं जातं, पण १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारातही सिंहगड हे नाव आढळतं. तानाजींचं शौर्य त्याने तसूभरही कमी होत नाही.

जिभेच्या चुकांमध्येही एक प्रकार असा आहे की तिथे दिलगिरी पुरत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये कोलंबोत, प्रक्षेपण जाहिरातींकडे वळलं असं समजून डीन जोन्स यांनी दाढी राखणाऱ्या हाशिम आमलाला ‘दहशतवादी’ म्हटलं. ते ऐकू गेलं. वाहिनीने त्यांना काढलं, त्यांनी माफी मागितली आणि पुढे ते पुन्हा समालोचनात आले. वाहिनीचा तो निर्णय योग्यच होता. तिथे शब्द चुकला नव्हता, मनातलं बाहेर आलं होतं.

इतिहासाच्या चुकांवर उपाय मात्र सोपा आहे आणि तो पूर्वी वापरात होता. तीसच्या दशकात बॉबी तल्यारखान दिवसभर एकट्याने माइक सांभाळत, शेजारी दुसरा समालोचक त्यांना चालत नसे. पुढे रेडिओने समालोचकाशेजारी जाणकार बसवायला सुरुवात केली. बीबीसीच्या ‘टेस्ट मॅच स्पेशल’मध्ये बिल फ्रिंडल १९६६ पासून चार दशकांहून अधिक काळ गुणलेखक म्हणून बसले. बोलणारा चुकला की चिठ्ठी सरकवायची किंवा सरळ माइकवर सांगायचं, हे त्यांचं काम. मुंबईच्या आनंदजी डोसा यांनी आकाशवाणीसाठी तेच केलं, हाताने लिहिलेल्या वह्यांच्या जोरावर. आज पडद्यावर आकड्यांचा पाऊस पडतो, पण ते आकडे बहुतेक चालू सामन्याचे किंवा गेल्या काही हंगामांचे असतात. १९५२ विचारणारा, १९९७ आठवणारा माणूस कक्षात नसतो. माजी खेळाडूंना समालोचनाला घेतात ते त्यांच्या खेळाच्या समजेसाठी, आणि ती समज मोलाची आहे. इतिहासाचं ओझं त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणं त्यांच्यावरही अन्याय आहे. प्रक्षेपण हक्कांसाठी हजारो कोटी मोजणाऱ्या कंपनीला प्रत्येक भाषेसाठी एक संशोधक परवडतो. आणि चूक झालीच तर त्याच सामन्यात, त्याच आवाजात दुरुस्ती व्हावी, मरे वॉकर करायचे तशी.

पुढची परीक्षा जवळ आली आहे. २०२८ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळलं जाणार आहे आणि क्रिकेट ‘पहिल्यांदाच’ ऑलिंपिकमध्ये, असं म्हणण्याचा मोह अनेकांना होईल. १९ आणि २० ऑगस्ट १९०० रोजी पॅरिसमध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात तो सामना झालेला आहे, दोन्हीकडे बारा-बारा खेळाडू होते. फ्रान्सच्या संघात बहुतेक पॅरिसमध्ये राहणारे इंग्रजच होते, आणि ब्रिटन १५८ धावांनी जिंकलं. त्याच वर्षी, त्याच ऑलिंपिकमध्ये प्रिचर्ड यांनी ती दोन रौप्यपदकं मिळवली. नंतर ते अमेरिकेत गेले, नॉर्मन ट्रेव्हर या नावाने हॉलिवूडच्या मूकपटांत चमकले आणि १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातच वारले. भारताचा संघ तिथे उतरेल, तेव्हा प्रिचर्ड यांची ही नोंद मराठीसह प्रत्येक भाषेच्या समालोचकासमोरच्या कागदावर असायला हवी, आणि तिच्याखाली खाशाबांची.